कोल्हापूरच्या आसपास ऋतूप्रमाणे अर्ध्या दिवसाच्या फिरण्यासाठी वाटा सुचवाव्यात

फुलेवाडीकर:

सर्वांना नमस्कार. आम्ही फुलेवाडी नाक्याच्या पुढे राहतो. रविवारी सकाळी लवकर निघायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचे, असा फिरण्याचा बेत आमच्या घरी या वर्षापासून ठरला आहे. सोबत सासूबाई, सासरे आणि पाचवीत शिकणारी मुलगी असते. सासऱ्यांचे वय ७२ आहे; सपाटीवर ते दोन-अडीच किलोमीटर आनंदाने चालतात, मात्र चढ आणि पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. सासूबाईंचे बालपण भुदरगड तालुक्यात शेतात गेले, त्यामुळे रस्त्याकडेच्या शिवारात काय चालले आहे हे पाहण्यात त्यांचा निम्मा प्रवास सरतो.

पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ ही ठिकाणे आम्ही पाहिलेली आहेत आणि पुन्हा पाहायलाही आवडतील. मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की कोणत्या महिन्यात कोणत्या रस्त्याला लागावे, म्हणजे त्या ऋतूत तिथे जे पाहण्यासारखे असते ते नेमके पाहायला मिळेल. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याला जा, असे प्रत्येक जण सांगतो. पण त्याच दिवसांत रस्त्यावर पाणी येते, आणि वयस्कर माणसांना घेऊन वाटेत अडकण्याची जोखीम मला घ्यायची नाही. उन्हाळ्यात फिरण्यासारखे काही उरते का, हेही कृपया सांगावे. गर्दीची ठिकाणे शक्यतो नकोत.

कुंभीकाठ:

ताई, नमस्कार. ठिकाण ठरवण्याआधी दिशा ठरवावी, असे मी सुचवेन, कारण आपल्या जिल्ह्याची रचनाच तशी आहे. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून साधारण शंभर किलोमीटरवर, पूर्वेच्या शिरोळ तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास येतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पुढे सरकताना त्यांच्यात थोडेच पाणी उरते, हे त्यामागचे कारण. कोल्हापूर शहर या दोन टोकांच्या साधारण मध्यावर आहे. त्यामुळे एखाद्या रविवारी पश्चिमेला जावे की पूर्वेला, हे महिना बघून ठरवले की निम्मा प्रश्न सुटतो.

मृगाचा पाऊस लागल्यापासून जूनअखेरपर्यंत गगनबावड्याचा रस्ता मला सर्वांत आवडतो. तोपर्यंत डोंगर हिरवे झालेले असतात, ओढ्यांना पाणी आलेले असते, पण नद्या अजून पात्रात असतात. पुढे बेंदराच्या सुमारास, म्हणजे जूनअखेर ते जुलैत, या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपलावण सुरू होते आणि आपल्या सासूबाईंना तीच पाहायला मिळावी असे मला मनापासून वाटते. तरवा, म्हणजे भाताची तयार रोपे, उपटून मुठी बांधलेल्या, बांधावर ओळीने ठेवलेल्या. खाचरात गुडघाभर चिखल. डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेतलेल्या बायका वाकून मागे मागे सरकत रोपे लावतात, आणि लावून झालेल्या भागात पाण्यावर फक्त हिरवे शेंडे दिसतात. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, कठीण जागेवर उभी करून बांधाच्या अलीकडूनच पाहावे. पावसात रस्त्याची साइडपट्टी मऊ होते आणि चाक रुतते.

आता पुराविषयी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या पश्चिमेच्या डोंगराळ भागातून येतात, एकमेकींना मिळत प्रयाग चिखलीला पोहोचतात आणि तिथून पुढे पंचगंगा सुरू होते. म्हणजे शहरात लख्ख ऊन पडलेले असले तरी आदल्या रात्री घाटमाथ्यावर काय झाले, त्यावर आपल्या परतीच्या रस्त्याचे भवितव्य अवलंबून असते. त्यात राधानगरीचा लक्ष्मी तलाव भरला की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात. असे सात दरवाजे आहेत आणि एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. खाली नरसोबाच्या वाडीला कृष्णेला पूर असला तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, त्याचा फुगवटा मागे येतो, आणि म्हणूनच पाऊस थांबल्यावरही आपल्याकडचे पाणी लवकर उतरत नाही. २०१९ आणि २०२१ साली हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज सकाळी स्थानिक बातम्यांत येते. तिथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी आहे. मी स्वतः इशारा पातळीची वाट पाहत नाही. आकडा पस्तिशीत असून चढता असेल तर गगनबावड्याकडे आणि रत्नागिरी रस्त्याने पुढे जाण्याचा बेत रद्द करतो. गगनबावडा मार्गावर मांडुकलीजवळ आणि रत्नागिरी मार्गावर केर्लीजवळ पाणी येते, हे ध्यानात ठेवावे. वाहत्या पाण्यातून गाडी घालण्याचा विचारही करू नये, मग पुढची गाडी सुखरूप गेलेली का दिसेना.

भर जुलै-ऑगस्टमध्ये, पातळी आवाक्यात असलेल्या रविवारी, आपल्या घरच्या मंडळींना पन्हाळाच योग्य. अंतर वीसेक किलोमीटर आहे आणि वर गेल्यावर चालायला सपाट, डांबरी रस्ते मिळतात. सकाळी सातच्या आत पोहोचल्यास गर्दीचा त्रास होत नाही. तीन दरवाजाच्या परिसरात धुके इतके दाट असते की कमानीवरचे कोरीवकाम अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मुलीला तिथे थोडा वेळ थांबू द्यावे. दगडांच्या सांध्यांतून शेवाळे आणि नेचे उगवलेले असतात, आणि भिंतीला कान लावला तर आतून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाजही कधीकधी येतो. पुसाटी बुरुजाकडून धुके फाटले तर समोर मसाई पठार दिसते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला होता, म्हणून सलग चार-पाच दिवस जोराचा पाऊस झाल्यानंतर लगेच वर जाऊ नये.

सड्यावरची_सोनकी:

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. त्यात मसाई पठाराचा उल्लेख आलाच आहे, म्हणून मी सप्टेंबरविषयी लिहिते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि विद्यार्थ्यांना घेऊन या पठारावर नेहमी जात असे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

गणपती गेल्यानंतर पावसाची उघडीप मिळाली की मसाईवर जावे. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम, मात्र पाऊस लांबला तर फुलेही लांबतात. पठाराच्या जवळपर्यंत गाडी जाते आणि वर चालणे सपाटीचे असल्यामुळे आपल्या सासऱ्यांना ते जमेल. फक्त ओल्या जांभ्या दगडावर पाय घसरतो, तेव्हा तळाला चांगली पकड असलेले बूट आणि हातात काठी असावी.

तिथे गेल्यावर बहुतेक लोक पिवळ्या सोनकीचे आणि गुलाबी तेरड्याचे गालिचे पाहतात, फोटो काढतात आणि परततात. आपण मुलीला सांगून एका जागी खाली बसावे आणि वीतभर जमीन नीट पाहावी. जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो आणि चार महिन्यांच्या पावसाने त्यातली पोषकद्रव्ये, विशेषतः नत्र, धुऊन गेलेली असतात. मोठ्या झाडाला तिथे जगता येत नाही, म्हणून ही जागा अशा लहान वनस्पतींना मिळते ज्यांचे सगळे आयुष्य तीन-चार महिन्यांत पूर्ण होते. त्यांतली सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले अवश्य ओळखावीत. फूल नखाएवढे आणि देठ दोऱ्यासारखा. पण ओल्या मातीत दडलेल्या तिच्या अंगाला सूक्ष्म फुगे असतात. पाण्यातला एखादा अतिसूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की तोंड उघडते, तो पाण्यासकट आत ओढला जातो आणि जमिनीत न मिळणारे नत्र वनस्पतीला त्याच्यापासून मिळते. अशा सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, दवबिंदू नावाची वनस्पतीही सापडते; तिच्या पानांवरच्या तांबड्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, ते सकाळच्या तिरप्या उन्हात चमकतात आणि त्यांत लहान कीटक अडकतात. पांढऱ्या बटणासारखी दिसणारी फुले गेंदाची. कवल्याचे पिवळे फूल, त्यावरच्या दोन तांबड्या ठिपक्यांमुळे, मुलांना मिकी माउसच्या नावाने आधीच ठाऊक असते.

एक आग्रहाची विनंती आहे. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा गाडी सड्यावर चढवू नये. चाकाखाली दबलेल्या त्या पातळ थरात बी रुजायला पुन्हा अनेक पावसाळे जावे लागतात. मळलेल्या पायवाटेनेच चालावे आणि फुलांच्या मधोमध बसून फोटो काढण्याचा मोह टाळावा. मुलीला वाटेत हेही सांगता येईल, की जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ते याच पठारावरून, भर पावसाच्या रात्री.

फुलेवाडीकर:

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. राजाराम बंधाऱ्याचा आकडा आम्ही रोज वाचतो, पण त्यावरून कुठल्या रस्त्याने जायचे हे ठरवता येईल, हे लक्षात आले नव्हते. सीतेच्या आसवांविषयी वाचून मुलीने आतापासूनच भिंग मागितले आहे.

दिवाळीनंतरच्या दिवसांविषयी कोणी लिहील का? सासूबाईंना गुऱ्हाळ पाहायचे आहे. त्यांच्या माहेरी पूर्वी गुऱ्हाळ होते. आता चालू गुऱ्हाळ कुठे सापडेल आणि अनोळखी माणसांनी तिथे गेलेले मालकांना चालते का, याची कल्पना नाही.

भोगावतीचा_शेतकरी:

ताई, अवश्य या. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी परत पाठवत नाही, तेव्हा चालेल की नाही हा संकोच मनातून काढून टाकावा. मात्र आल्याबरोबर मालकांना किंवा गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, विचारावे आणि काम ऐन भरात असेल तेव्हा बाजूला उभे राहावे.

पाडव्याला कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचे सौदे निघतात आणि तिथून पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत गुऱ्हाळे चालतात. पूर्वीइतकी ती आता उरली नाहीत. ऊस कारखान्याला घालणे सोपे पडते, गुऱ्हाळाला माणसे मिळत नाहीत आणि गुळाला दर मिळेलच याची खात्री नसते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हाला अभिमान आहे, पण चुलवाणापुढे उभा राहणारा माणूस टिकला तरच त्या मानांकनाला अर्थ राहील, असे मला वाटते. तरीही राधानगरी रस्त्याने किंवा पन्हाळ्याच्या बाजूने सकाळी गाडी हळू चालवली तर चिमणीचा धूर दिसतो, आणि धुराच्या आधी गोडसर वास येतो. त्या वासाच्या दिशेने आत वळावे.

काय पाहावे, तेही सांगतो. घाण्यातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो. खाली चुलवाणात वाळलेल्या चिपाडांचे जळण सतत सारत राहावे लागते. म्हणजे उसाचा रस उसाच्याच चिपाडावर शिजतो. रस तापला की भेंडीच्या झाडांचा चिकट रस त्यात घालतात, त्याला धरून मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. मग उकळी बदलत जाते. सुरुवातीला फेस पांढरट आणि मोठ्या बुडबुड्यांचा असतो, पुढे तो तांबूस होतो, बुडबुडे जड होऊन फुटायला लागतात. त्या वेळी गुळव्या काहिलीजवळून हलत नाही. थोडा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी वळून पाहतो, आणि ती हवी तशी जमली की एका शब्दावर सगळे जण काहील उतरवायला धावतात. उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर तो घट्ट बसत नाही. पुढे पाक वाफ्यात ओततात, घोटतात आणि साच्यांत भरून रवे पाडतात. एक आधण व्हायला दोन ते तीन तास लागतात, म्हणून सकाळी आठच्या सुमारास पोहोचल्यास सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे पाहता येईल. मुलीचा हात धरूनच उभे राहावे. काहिलीच्या कडेला कठडा नसतो आणि पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा फार खोल जातो.

काकवी घरच्या बाटलीत घेऊन जावी. गूळ घेताना फार पिवळाधमक मागू नये. भेसळ नसलेल्या गुळाचा रंग तांबूस किंवा तपकिरीकडे झुकणारा असतो.

याच दिवसांत उसाला तुरे येतात. तुरा आला की उसाची वाढ थांबते, त्यामुळे शेतकऱ्याला तो पाहून आनंद होत नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सकाळी नदीकाठच्या धुक्यावर ते पांढरे-राखाडी तुरे हलताना दिसतात तेव्हा मीही बांधावर थांबतो. पाऊस संपल्यावर आमच्याकडच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. कोल्हापूर पद्धतीच्या कोणत्याही बंधाऱ्यावर उभे राहून पाहावे. वरच्या बाजूला पाणी तुडुंब आणि स्थिर, खालच्या बाजूला खडकांतून वाहणारी बारीक धार, तिथे बगळे, खंड्या आणि शेपटी हलवत फिरणारे धोबी पक्षी. बंधाऱ्यावर चालणे सपाटीचेच आहे, पण बऱ्याच ठिकाणी कठडे नसतात.

रस्त्याविषयी एक सूचना. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो. पहाटेच्या धुक्यात त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात. उजाडल्याशिवाय निघू नये.

कुंभीकाठ:

उन्हाळ्याचा प्रश्न राहिला होता, म्हणून पुन्हा लिहितो. मार्चपासून पुन्हा पश्चिमेकडे वळावे, फक्त निघण्याची वेळ पहाटेची ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा आणि पळस फुलतात, आणि त्यांच्या पाठोपाठ घाटातली अंजनी. अंजनीचे झाड एरवी नजरेत भरत नाही, पण फुलते तेव्हा पानांमागच्या फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात आणि खाली पडलेल्या सड्याने पायवाटेचा रंग बदलतो. एप्रिलच्या शेवटी करवंदे, मेमध्ये जांभळे. राधानगरी आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर बायका पानांच्या द्रोणांत रानमेवा विकायला बसतात. वळवाचा एक पाऊस झाल्यानंतरची सकाळ मिळाली तर ती सोडू नये.

दाजीपूरचे जंगल आपल्या अर्ध्या दिवसात बसत नाही, कारण अंतरच सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. त्यासाठी वर्षातून एकदा मुक्कामाचा बेत करावा. १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालेले हे राज्यातले सर्वांत जुने अभयारण्य, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचाही ते भाग आहे. पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असते, म्हणून उन्हाळा हाच तिथे जाण्याचा चांगला काळ, कारण पाणवठे मोजके उरतात आणि गवे सकाळ-संध्याकाळ तिथे येतात. वाटेत रस्त्यावर गवा उभा दिसला तर गाडी लांबच थांबवावी, हॉर्न वाजवू नये, खाली उतरू नये आणि त्याला जायला वेळ द्यावा. मेच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, राधानगरीच्या परिसरात काजवे दिसतात. त्या वेळी गाडीचे दिवे बंद ठेवावेत आणि मोबाइलचा प्रकाश झाकावा; नर-मादीचा एकमेकांना दिलेला इशाराच तो असतो, आणि आपल्या प्रकाशात तो हरवतो.

फुलेवाडीकर:

मुक्कामाची सूचना घरी सर्वांना पसंत पडली. शेवटचा एकच प्रश्न. पूर्वेकडे, म्हणजे शिरोळच्या बाजूला, आम्ही फारसे गेलेलो नाही. तिकडे कधी जावे?

शिरोळकर:

डिसेंबर-जानेवारीत यावे. पाऊस कमी आणि जमीन काळी, त्यामुळे भाजीपाल्याचे मळे या दिवसांत भरात असतात आणि थंडीमुळे सकाळी दहापर्यंत ऊन बोचत नाही. सरळ खिद्रापूरला जावे. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर कृष्णेच्या काठी आहे. चढ नाही, पायऱ्या मोजक्याच. स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोल उघडे आहे आणि त्याखाली तेवढीच गोल शिळा बसवलेली आहे. सकाळी उन्हाचा तिरपा गोल खांबांवर पडतो आणि हळूहळू खाली सरकतो. सासऱ्यांना एका खांबाशी बसवले तर तो सरकताना त्यांना दिसेल. बाहेरच्या बाजूने गजपट्टातला एकेक हत्ती मुलीला पाहू द्यावा, प्रत्येकावरची कोरणी वेगळी आहे.

परतताना नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहावा. आपण जुलैत ज्या फुगवट्यामुळे अडकता, तो इथून सुरू होतो. घाटावर उतरायला पायऱ्या आहेत, पण वरूनही संगम दिसतो. पौर्णिमेला, आणि दत्तजयंतीच्या आसपास, वाडीत फार गर्दी असते, तेव्हा ते रविवार टाळावेत. अंतर पाहता दुपारचे जेवण घरी होणार नाही. वाडीतच जेवून घ्यावे आणि बासुंदी घरी न्यायची असल्यास थंडीच्या दिवसांत ती कोल्हापूरपर्यंत चांगली टिकते.